विरह, पाऊस आणि उसने इंग्रजी वाक्प्रचार

नव्याने लिहिणाऱ्यांच्या वह्यांत दोन विषय हमखास असतात, पाऊस आणि ताटातूट, आणि बहुतेक वेळा ते एकाच पानावर भेटतात. अलीकडे या पानांवर इंग्रजी वाक्प्रचारांची वर्दळ वाढली आहे. कुणाची सकाळ 'ग्लूमी' असते, कुणी 'रेनी डे'साठी आठवणी साठवून ठेवतो, कुणी भेटीचा 'रेन चेक' घेतो, दोघं हळूहळू 'ड्रिफ्ट अपार्ट' होतात आणि शेवटच्या ओळीत काळ्या ढगाला रुपेरी कडा दिसतेच. दवनीवाड्यासारख्या गोंदिया जिल्ह्यातल्या गावात राहून कथा, कविता, ललित किंवा शाळा-कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख लिहिणाऱ्यांनी या वाक्प्रचारांचं काय करावं, याचा विचार इथे करायचा आहे. ते वापरूच नयेत असा फतवा काढण्याचा माझा इरादा नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की पावसाविषयीच्या इंग्रजी वाक्प्रचारात तिथलं हवामान आणि त्या हवामानात माणसं कशी जगतात याचा हिशेब आधीच मांडून ठेवलेला असतो. तुमच्या कथेतल्या पावसाशी तो जुळतो का हे न बघता वाक्प्रचार उचलला, तर वाक्य कानाला गोड लागतं आणि कथेतली माणसं मात्र खोटी पडतात.

आधी हिशेब पाहू. लंडनमध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिन्यांत थोडा थोडा वाटलेला असतो. तो कधी येईल याचा भरवसा नसतो, पण आल्याने शक्यतो कुणाचं वर्ष तरत नाही की बुडत नाही. ठरलेला सामना थांबतो, मिरवणूक भिजते, फिरायला जाणं रद्द होतं. म्हणून तिथल्या रोजच्या बोलण्यात पाऊस ही बहुधा अडचण असते. फक्त उघडीप असताना सोबत करणारा मित्र 'फेअर वेदर फ्रेंड' ठरतो, संशयाखाली असलेला माणूस 'अंडर अ क्लाऊड' असतो, आणि संकटं एकामागोमाग कोसळली की 'इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स' असं म्हणून सुस्कारा सोडला जातो. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मृगात धानाचे पऱ्हे टाकायचे, मग बांधीत पाणी साचायची वाट बघायची, चिखलणी करायची आणि रोवणी उरकायची. या प्रत्येक टप्प्याला पाऊस हवा असतो, आणि तो वेळेवर हवा असतो. जुलैच्या मध्यावर स्वच्छ निळं आभाळ आणि लख्ख ऊन पडलं, तर ती या भागात वाईट बातमी असते. वर्तमानपत्रं तेव्हा 'रोवणी खोळंबली' असा मथळा देतात. इथे पावसाला सर्रास 'पाणी' म्हणतात, आणि 'पाणी आला' हे वाक्य तक्रारीच्या सुरात क्वचितच ऐकू येतं. अतिवृष्टी होते, वैनगंगेला पूर येतो, पुलावरून पाणी जातं, घरं पडतात, हे सगळं खरं आहे. पण पुराला शिव्या देणारा माणूसही पावसाला शिव्या देताना जपून बोलतो.

आता रुपेरी कडेकडे वळू, कारण या गटातला सगळ्यांत लाडका वाक्प्रचार तोच आहे. त्याचं मूळ इंग्रजी कवी मिल्टनच्या १६३४ मधल्या एका नाट्यप्रयोगात सापडतं, आणि मराठीत तो इतका मुरला आहे की अग्रलेखांपासून निरोप समारंभांच्या भाषणांपर्यंत कुठेही भेटतो. 'तो आता मराठीच झाला, मग त्याच्यावर आक्षेप कशाला?' असं कुणी विचारेल. आक्षेप त्याच्या जन्मगावावर घेण्यात अर्थ नाही. नागपुरातल्या नोकरी गेलेल्या माणसाच्या कथेत तो खपून जाईल, कारण तिथे ढग म्हणजे नुसतं संकटाचं चिन्ह आहे आणि त्यातून प्रत्यक्ष पाणी पडणार नाही. पण कथा रोवणी खोळंबलेल्या गावात घडत असेल तर जरा वर आभाळात बघा. ढगाची कड चमकते ती त्याच्यामागे सूर्य असला म्हणजे, आणि कडेला ढग विरळ असला म्हणजे. सगळं आभाळ भरून आलेलं असताना अशी कड दिसत नाही. म्हणजे रुपेरी कडा दिसणं हे ढग फाटल्याचं, उघाड पडत असल्याचं लक्षण. ज्या बाईचे पऱ्हे वाळत चालले आहेत तिला तुम्ही आशेचं चिन्ह म्हणून नेमकं तेच दाखवता, जे बघून तिच्या पोटात गोळा यावा. चूक भाषेची नाही. लेखकाने आभाळ बघितलेलं नाही, एवढंच वाचकाला कळतं, आणि या भागातल्या वाचकाला ते फार लवकर कळतं.

काही वाक्प्रचार मात्र तपासणीत अर्धे उतरतात, आणि अशांकडे जास्त बारकाईने बघायला हवं. 'रेनी डे'साठी पैसे राखून ठेवणं हा त्यांतला एक. शब्दशः मराठी केलं तर तो आपल्याकडे सहज लागू पडेल असं वाटतं, कारण पावसाळ्याची बेगमी ही आपली जुनी रीत आहे. पाणी लागायच्या आत सरपण आणि गोवऱ्या आत घेतल्या जातात, पापड-कुरड्या वाळवल्या जातात, घराची कौलं फेरली जातात. पण दोन्हींत फरक आहे. इंग्रजी वाक्प्रचारातला पावसाळी दिवस अवचित येणारा आहे, येईल किंवा येणारही नाही. आपली बेगमी ठरलेल्या चार महिन्यांसाठी असते. शिवाय धान पिकवणाऱ्या घरात आषाढ-श्रावणात हात रिकामा असतो, कारण बियाणं, खत आणि रोवणीची मजुरी यांत पैसा गेलेला असतो आणि हलका धान हाती यायला दिवाळी जवळ यावी लागते. तेव्हा तुमच्या पात्राने अडीअडचणीसाठी पैसे बाजूला ठेवले असतील तर 'अडीअडचणीला' हा शब्द पुरेसा आहे, आणि पावसाळ्यासाठीच ठेवले असतील तर 'बेगमी' म्हणा. 'रेन चेक'चं प्रकरण याहून सोपं आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसबॉलचा सामना पावसाने रद्द झाला की पुढच्या सामन्याला चालेल असा तिकिटाचा तुकडा देत, त्यावरून तो आला. बेसबॉल न पाहिलेल्या वाचकाला त्यात बँकेचा चेक दिसेल. आणि 'झड उघडली की येतो' हे वाक्य आपल्याकडे तयार असताना तो उसना आणायची गरजही नाही. कुत्र्या-मांजरांचा पाऊस पाडणाऱ्यांबद्दल वेगळं काही लिहीत नाही. खुद्द इंग्रजांनाही त्या वाक्प्रचाराचं मूळ नीट सांगता येत नाही.

आतापर्यंत फक्त पावसाविषयी बोललो. विरह त्यात मिसळला की मामला गुंतागुंतीचा होतो, कारण पाऊस आणि विरह यांची जोडी आपल्याकडे इंग्रजी येण्याच्या फार आधीपासून आहे. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या या प्राचीन संग्रहात, वाटसरू, त्यांच्या घरी वाट बघणाऱ्या बायका आणि दाटून येणारे ढग पुन्हा पुन्हा येतात. कालिदासाच्या मेघदूतातला, शापामुळे बायकोपासून दुरावलेला यक्ष रामगिरीवर आषाढाच्या पहिल्या दिवशी ढग बघतो, आणि ते रामगिरी म्हणजे नागपूर जिल्ह्यातलं रामटेक, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडलं. पण या परंपरेत पाऊस आणि दुःख यांचं नातं कसं आहे ते नीट बघायला हवं, कारण इथेच लिहिणाऱ्याची गफलत होते. मेघदूतात ढग उदास नाही. उलट, प्रवासाला गेलेल्यांच्या बायका त्याच्याकडे विश्वासाने बघतात, कारण ढग आले म्हणजे नवरे घरी येणार. पावसाळ्यात वाटा बंद होत, व्यापार थांबे, सैन्याच्या मोहिमा थांबत. चार महिने माणसाने घरी असावं असा रिवाजच होता. पाऊस ही परतण्याची मुदत होती. म्हणून जो त्या मुदतीतही परतू शकत नाही त्याचं दुःख मोठं. यक्षाच्या शापाचे आठ महिने सरले आहेत आणि चार उरले आहेत, आणि हे उरलेले चार नेमके पावसाळ्याचे आहेत. शाप संपणार कार्तिकात, विष्णू शेषशय्येवरून उठल्यावर. इंग्रजी वाक्प्रचारांच्या नेहमीच्या वळणात पाऊस मनाच्या उदासीला साजेसं नेपथ्य पुरवतो. आपल्या परंपरेत पाऊस वेळ दाखवतो, आणि त्या वेळेला कोण घरी नाही हे उघडं पाडतो. हा फरक डोक्यात ठेवला तर कुठला वाक्प्रचार घ्यावा आणि कुठला सोडावा, हे बऱ्याच अंशी आपोआप ठरतं.

उसनं घ्यायचंच असेल तर ते कसं घ्यावं, याचा नमुनाही याच जिल्ह्यात आहे. भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं असल्याचं सांगितलं आहे, आणि ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं गाव असं मिराशींनी दाखवून दिलं. आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचंच नाव आहे. आठव्या शतकातल्या या नाटककाराच्या 'मालतीमाधव'च्या नवव्या अंकात माधव मालतीच्या शोधात विंध्याच्या रानात भटकतो आणि ढग दिसताच त्याच्याशी बोलू लागतो. ही कल्पना उघड उघड कालिदासाकडून घेतलेली आहे, आणि ती लपवायचा प्रयत्नही भवभूतीने केलेला नाही. माधव ढगाला क्षेम विचारतो, तुझी सखी वीज तुझ्या जवळ आहे ना असंही विचारतो. मात्र यानंतर भवभूतीने जे केलं ते प्रत्येक लिहिणाऱ्याने अभ्यासावं. यक्षाला आपली बायको कुठे आहे ते ठाऊक होतं. अलकेपर्यंतची वाट तो नद्या, डोंगर आणि नगरांसकट सांगू शकतो, आणि मेघदूताचा अर्धा भाग त्या वाटेचा आहे. मालतीला पळवून नेलेलं आहे, ती जिवंत आहे की नाही हेही माधवाला माहीत नाही. त्याच्याकडे पत्ताच नाही, मग वाट कुठली सांगणार? म्हणून तो ढगाला एवढंच म्हणतो की जगभर हिंडताना दैवयोगाने ती दिसलीच, तर तिला माझा निरोप सांग. ढग उसना घेतला, पण त्याच्यासोबत आलेली वाट सोडून दिली, कारण या ताटातुटीत ती खोटी ठरली असती. एवढ्या एका बदलाने यक्षाच्या विरहापेक्षा वेगळा, आशेचा आधार नसलेला विरह उभा राहतो. इंग्रजी वाक्प्रचार घेतानाही हेच करता येतं. त्यातला कोणता भाग आपल्या पात्राच्या परिस्थितीत खरा आहे तेवढा घ्यावा, बाकीचा गाळावा.

भवभूतीकडूनच आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण वनवासाची चित्रं बघत असतात. संकट सरलेलं आहे, सीता शेजारी बसलेली आहे. चित्रात माल्यवान पर्वत येतो, फुललेल्या झाडांचा गंध आणि शिखरावर टेकलेला निळा, स्निग्ध, नवा ढग. एवढ्यावर राम म्हणतो, थांब, पुढे नको, तो वियोग पुन्हा परतून आल्यासारखं वाटतंय. ढग रडत नाही, आभाळ शोक करत नाही. ढगाचा रंग आणि जागा सांगितली जाते आणि दुःख माणसाच्या तोंडून येतं. कुणी म्हणेल की याच अंकात लक्ष्मण दगडालाही रडवतो. खरं आहे, पण ते रामाची अवस्था डोळ्यांनी पाहिलेल्या भावाचं बोलणं आहे, आणि बोलणाऱ्याला अतिशयोक्तीची मुभा असते. निवेदनात आभाळ रडायला लागलं की प्रश्न येतो. गंमत अशी की या सवयीवर सगळ्यांत कडक टीका इंग्रजीतच झाली. जॉन रस्किनने १८५६ मध्ये निसर्गाच्या गळ्यात माणसाच्या भावना बांधण्याच्या प्रकाराला नाव ठेवलं आणि ते नाव आजही इंग्रजीच्या वर्गांत शिकवलं जातं. म्हणजे 'आभाळही तिच्यासोबत रडत होतं' हे वाक्य लिहून आपण इंग्रजीतून जे आणतो, ते तिथल्याच जाणकारांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी शिळं ठरवलेलं आहे.

मग प्रत्यक्ष लिहायचं कसं? ताटातूट लिहिण्याआधी काही गोष्टी स्वतःशी ठरवून घ्या: गेलं कोण, ते परत येणं अपेक्षित आहे का, कधीपर्यंत, आणि अडलं कशाने. इंग्रजीतले 'ब्रेकअप', 'मूव्ह ऑन', 'क्लोजर' हे शब्द परतणं संपलेलं आहे असं गृहीत धरतात; 'लाँग डिस्टन्स' आणि 'मिस यू' परतण्याची शक्यता धरून चालतात. मराठीतही विरह, दुरावा, अबोला, फारकत आणि सोडचिठ्ठी यांची घरं वेगवेगळी आहेत. नवऱ्याने हैदराबादला बांधकामावर जाणं आणि नवऱ्याने बोलणं टाकणं या दोन्हींना 'ड्रिफ्ट अपार्ट' म्हटलं तर दोन कथांची एक होते, आणि तीही पातळ. दुसरं असं की या भागात पाऊस बहुधा माणसं तोडत नाही, गोळा करतो. रोवणीला हात लागतात. बाहेर गेलेला मुलगा सुटी काढून येतो, एका गावच्या बाया दुसऱ्या गावी रोवणीला जातात. ताटातुटीचा मोसम धान निघाल्यावर येतो, काम संपतं तेव्हा. आणि भेटीगाठींचा मोसम दिवाळीनंतरच्या मंडईत, जेव्हा लेकी-जावई येतात आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. तेव्हा रोवणीच्या ऐन दिवसांत कुणी गावात नसेल, तर ती गैरहजेरी आपोआप ठसठशीत होते. तिला विशेषणांची मदत लागत नाही.

एक नमुना पाहू. समजा कथेत बाई एकटी आहे, नवरा मृगाआधी येतो असं सांगून गेला होता आणि आला नाही. उसन्या सामग्रीतून परिच्छेद असा होईल: 'बाहेर उदास पाऊस कोसळत होता. दोघांमधलं अंतर वाढत गेलं होतं. तरी तिला ठाऊक होतं, प्रत्येक काळ्या ढगाला रुपेरी कडा असतेच.' आता तीच बाई तिच्या शेतात उभी करा: 'पुष्याचं पाणी लागलं. शेजारच्या बांधीतली रोवणी उरकली. तिचे पऱ्हे सव्वा महिन्याचे झाले होते.' या दुसऱ्या परिच्छेदात दुःखाचा एकही शब्द नाही. पण धानाचे पऱ्हे साधारण तीन ते चार आठवड्यांचे असताना रोवावे लागतात, त्याहून जून झाले की फुटवे कमी येतात आणि पीक घटतं, हे ज्याला माहीत आहे त्या वाचकाला तो माणूस किती दिवस उशिरा आहे आणि त्या उशिराची किंमत काय, दोन्ही कळतं. शहरातल्या वाचकाला हे ठाऊक नसेल, तर आधीच्या एखाद्या पानावर कुणाच्या तरी बोलण्यात ते सहज येऊ द्या, तळटीप नको. नक्षत्रांची नावं अशा वेळी फार उपयोगी पडतात. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी ती दर तेरा-चौदा दिवसांनी बदलतात, आणि प्रत्येकाबरोबर शेतातलं काम बदलतं. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणणारी भाषा ज्याच्या हाताशी आहे त्याने वाट बघण्याची लांबी 'लाँग डिस्टन्स'ने मोजू नये. पावसाचा प्रकार सांगायलाही तेवढीच नेमकी नावं आहेत. झड म्हणजे दिवसचे दिवस सूर्य न दिसणं, सर म्हणजे येऊन गेलेला पाऊस, भुरभुर म्हणजे अंगावर जाणवेल पण बांधीत साचणार नाही असा. कथेत यांपैकी कुठला पडतोय हे ठरलं, की माणसं बाहेर आहेत की ओसरीवर, एसटी आली की नाही, हेही ठरतं. जोडीचं प्रतीकच हवं असेल तर तेही जवळ आहे. महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात उरले आहेत, ते जोडीने राहतात आणि पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत, पाणथळीत घरटी करतात. ज्यांच्या धुऱ्यावरून सारस दिसतो त्यांनी कवितेत 'लव्हबर्ड्स' आणावेत, हे जरा जास्तच झालं.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप तरुण लिहिणाऱ्यांचा असतो: आम्ही बोलतोच तसं, आमच्या मोबाइलवर 'मिस यू'च येतं, मग कथेत 'तुझ्यावाचून करमत नाही' लिहिलं तर ते खोटं नाही का? आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर पात्रात आहे. गोंदियाच्या स्टेशनवर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोल्हापूरकडे शिकायला निघालेली मुलगी मैत्रिणीला 'मिस यू' म्हणेल, आणि तिच्या तोंडी तेच असावं. तिला सोडायला आलेली आजी 'करमणार नाही माय' म्हणेल. एकाच फलाटावर दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवली तर पिढ्यांमधलं अंतर न सांगता दिसतं. तसंच वस्तूबरोबर आलेल्या इंग्रजी शब्दांना हात लावू नका. फलाटाला प्लॅटफॉर्म, छत्रीशेजारी रेनकोट, 'नेटवर्क नव्हतं', 'रेड अलर्ट लागला म्हणून शाळा बंद' ही आपली रोजची भाषा आहे. हवामान खात्याच्या रेड अलर्टने माहेरी आलेल्या लेकीचा मुक्काम दोन दिवस वाढला, हा कथेचा उत्तम धागा आहे. तिथे 'तांबडा इशारा' लिहिणारा लेखक उगाच कृत्रिम वाटेल. सावध राहायचं ते निवेदनात शिरणाऱ्या, भावनेचा निकाल आधीच लावून टाकणाऱ्या वाक्प्रचारांपासून. आणि पात्राच्या तोंडी इंग्रजी घालतानाही ते पात्र ते कुठून शिकलं असेल एवढं तरी तुम्हाला ठाऊक असावं. कधीच गाव न सोडलेला, हिंदी आणि पोवारी बोलणारा शेतकरी 'क्लोजर' मागणार नाही.

दुसरा आक्षेप वाङ्मय वाचणाऱ्यांचा. उदास पाऊस काय फक्त इंग्रजांचा आहे? नागपूरच्या ग्रेसांच्या कवितेत पाऊस आणि दुःख एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, मग आम्हालाच मनाई का? मनाई अजिबात नाही. ग्रेसांच्या कवितेतली उदासी त्यांनी स्वतःच्या प्रतिमांतून घडवलेली आहे, ती कुठल्या तयार वाक्प्रचारातून आलेली नाही. म्हणूनच त्यांची नक्कल करणाऱ्यांच्या हातात ती टिकत नाही. तुमच्या पात्राला पाऊस उदास वाटत असेल तर का वाटतो ते तुम्ही दाखवा, मग तो खुशाल उदास असू द्या. आणि इंग्रजीवरही अन्याय नको. चॉसरने चौदाव्या शतकात आपल्या यात्रेकरूंच्या कथांची सुरुवात एप्रिलच्या पावसाने केली. तो पाऊस मुळांपर्यंत पोचतो, झाडं फुलवतो आणि माणसांना घर सोडून यात्रेला जायची ओढ लावतो. ठणठणीत असण्याला 'राइट ॲज रेन' म्हणण्याची लकबही इंग्रजीत आहे. म्हणजे पावसाचं स्वागत करणारी इंग्रजीही आहे, पण आपल्यापर्यंत पोचलेली वाक्प्रचारांची शिदोरी बरीचशी पाठ्यपुस्तकं, शुभेच्छापत्रं आणि सिनेमांतून आलेली आहे, आणि तिच्यात पाऊस खिडकीच्या काचेवरून ओघळत असतो. आपल्याकडच्या किती घरांना अशी काच आहे, हाही प्रश्न विचारून बघा. कौलारू घरात पाऊस आधी कानाला कळतो, मग गळतीच्या जागी ठेवलेल्या भांड्यात.

शेवटचा मुद्दा इंग्रजीतच लिहिणाऱ्यांसाठी, कारण दहावी-बारावीच्या निबंधापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत तशी वेळ अनेकांवर येते. वाक्प्रचार पेरले की गुण मिळतात असं मुलांना सांगितलं जातं, आणि मग 'अ रेनी डे' या विषयावरच्या निबंधांत सगळीकडे एकच मुलगा कागदी होड्या सोडतो आणि आभाळ 'ग्लूमी' असतं. निबंधात एखादा वाक्प्रचार घालायचाच असेल तर तो उलटा तपासून घाला. 'जिथे इतरांना ढग म्हणजे संकट वाटतं तिथे माझ्या गावात ढग नसणं हे संकट आहे' एवढं साधं इंग्रजी वाक्य, त्याला जोडून रोवणीचं वर्णन, आणि रोवणीसाठी परत आलेल्या काकाचा उल्लेख, हे तपासनिसाने त्या दिवशी वाचलेलं नसेल. 'रोवणी', 'बांधी', 'मंडई' हे शब्द इंग्रजी लिपीत तसेच ठेवा आणि पहिल्यांदा आले की त्याच वाक्यात काम सांगून त्यांचा अर्थ कळू द्या. लिहून झालं की मजकूर दोन दिवस बाजूला ठेवा. मग फक्त पावसाची आणि जाण्या-येण्याची वाक्यं अधोरेखित करा आणि ती अशा कुणालातरी वाचून दाखवा ज्याने त्या वर्षी रोवणी केली आहे. तो जिथे थांबवून 'असं कुठं होते?' म्हणेल, ती ओळ पुन्हा लिहायची.